आधी पाटी ठेवणारा मुलगा

स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असे आधी मनात आले. पण त्या तुम्ही माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगल्या लिहाल. मी गणिताचा मास्तर, म्हणून एका गणितीचे चरित्र लिहितो.

त्यामागे एक कारण आहे. वर्गात ज्याला गणित जमत नसे, त्याच्यासाठी माझ्याकडे बरेच काही होते. जादा तास होते, सोपी उदाहरणे होती, प्रसंगी घरी बोलावून शिकवणेही होते. पण ज्याचे गणित सगळ्यांच्या आधी सुटे, त्याच्यासाठी माझ्याकडे काय होते? वह्या गोळा कर, फळा पूस, नाहीतर हाताची घडी घालून गप्प बस. फार तर त्याच प्रकारची आणखी दहा उदाहरणे. नोकरीत असताना यात काही चुकते आहे असे वाटले नाही. निवृत्तीनंतर कार्ल फ्रीडरिश गाउस यांचे चरित्र सावकाश वाचले आणि मग मात्र वाटू लागले.

गाउस यांचा जन्म 30 एप्रिल 1777 रोजी जर्मनीतील ब्राउनश्वाइग या गावी झाला. वडील गेबहार्ट कष्टकरी माणूस. कधी बागकाम, कधी गवंडीकाम, कधी आणखी काही, अशी मिळेल ती कामे करून ते संसार चालवीत. आई डोरोथेआ यांना लिहिता येत नव्हते. मुलाची जन्मतारीख त्यांनी कुठे टिपून ठेवली नव्हती. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी आठ दिवस, बुधवारी, एवढेच त्यांच्या लक्षात होते. तो सण ईस्टरवर अवलंबून असतो आणि ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते. मोठेपणी गाउस यांनी कोणत्याही वर्षाच्या ईस्टरची तारीख काढण्याची रीतच शोधली. आईच्या आठवणीतला बुधवार त्या रीतीने तारखेत बसवता येतो.

अशा घरात मुलगा शाळेत जाणे हेच खूप होते. शिकून तो कारागीर होईल, चार पैसे मिळवील, एवढीच वडिलांची अपेक्षा. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या मजुरीच्या हिशेबातली चूक त्याने दाखवून दिली, अशी हकिकत गाउस स्वतः म्हातारपणी सांगत. बोलायला शिकण्याआधी मी मोजायला शिकलो, असे ते गमतीने म्हणत. ते अक्षरशः खरे नसेल, पण अंक त्या मुलाला कोणी शिकवावे लागले नाहीत हे खरे.

सातव्या वर्षी, 1784 साली, कार्ल गावातल्या शाळेत जाऊ लागला. शिक्षकांचे नाव ब्यूटनर. खोली बुटक्या छताची, जमीन खडबडीत, एका वर्गात शंभरेक मुले आणि गुरुजींच्या हातात छडी. आपल्या शाळेत एका तुकडीत साठ मुले झाली की आम्ही शिक्षक कुरकुर करत असू. ब्यूटनर गुरुजींची शंभर मुले एका वयाची आणि एका इयत्तेचीही नव्हती.

पुढची गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. मुलांना बराच वेळ गुंतवून ठेवावे म्हणून गुरुजींनी ओळीने येणाऱ्या बऱ्याच संख्यांची बेरीज करायला सांगितली. त्या वर्गाचा रिवाज असा, की ज्याचे गणित आधी होईल त्याने मधल्या टेबलावर पाटी पालथी ठेवायची आणि पुढच्याने आपली पाटी तिच्यावर रचायची. गुरुजींचे सांगून होते न होते तोच नऊएक वर्षांच्या कार्लने आपली पाटी टेबलावर ठेवली. बाकीची मुले तासभर आकडेमोड करत राहिली. तो हात बांधून बसला होता. शेवटी गुरुजींनी पाट्या उलटायला घेतल्या. सगळ्यात खालच्या पाटीवर एकच संख्या लिहिलेली होती आणि ती बरोबर होती. अनेकांच्या भरलेल्या पाट्या मात्र चुकल्या होत्या.

ती बेरीज 1 ते 100 ची होती असे आपण ऐकतो. गाउस यांचे पहिले चरित्र त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, 1856 मध्ये, त्यांचे स्नेही सार्टोरियस यांनी लिहिले. त्यात अंकगणिती श्रेढीची बेरीज एवढाच उल्लेख आहे. 1 ते 100 हे आकडे मागाहून कोणीतरी घातले. समजायला मात्र ते सोयीचे आहेत. 1 आणि 100 मिळून 101, 2 आणि 99 मिळून 101, 3 आणि 98 मिळूनही 101. अशा 50 जोड्या. म्हणून 50 गुणिले 101, म्हणजे 5050. दहावीच्या पुस्तकात आपण जे सूत्र पाठ केले, त्याचा सगळा जीव या जोड्यांत आहे.

ही गोष्ट आपण सगळे इथेच थांबवतो. मीही वर्गात इथेच थांबवत असे. मुले टाळ्या वाजवत, तास संपे. पण शिक्षकाच्या दृष्टीने खरी गोष्ट पाटी उलटल्यानंतर सुरू होते. ब्यूटनर यांच्यापुढे तेव्हा बरेच मार्ग होते. आगाऊ म्हणून छडी मारता आली असती. रीत कुठे दाखवलीस, असे विचारून गुण कापता आले असते. शाबासकी देऊन जागेवर बसवता आले असते. माझ्यासारखे पाट्या गोळा करायला लावता आले असते.

ब्यूटनर यांनी हॅम्बुर्गहून अंकगणिताचे एक वरच्या पातळीचे पुस्तक मागवले आणि त्या मुलाच्या हाती दिले. त्याने ते बघता बघता संपवले, तेव्हा या मुलाला शिकवण्यासारखे आपल्याजवळ काही उरले नाही, हे त्यांनी मान्य केले. छडी हातात घेऊन शंभर मुलांपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला हे मान्य करणे सोपे नसते. मी तीसहून अधिक वर्षे शिकवले. एवढे स्पष्ट मी एकदाही बोललो नाही.

दुसरे काम त्याहून मोलाचे होते. शाळेत योहान मार्टिन बार्टेल्स नावाचा मदतनीस होता. लहान मुलांचे पिसांचे टाक तासून द्यावेत, त्यांना लिहायला शिकवावे, असे त्याचे काम. वय सतरा-अठरा, म्हणजे कार्लपेक्षा आठ वर्षांनी मोठा. त्यालाही गणिताचे वेड होते. या दोघांची जोडी जमली. पुस्तके मिळवावीत, एकत्र बसून वाचावीत, अडले तर दोघांनी डोके लावावे, असा क्रम सुरू झाला. द्विपद सिद्धांत, अनंत श्रेढी हे सारे त्या मुलाला या सोबतीत भेटले. हुशार मुलाला पुस्तकाइतकीच बरोबरीच्या माणसाची गरज असते. वर्गात त्याला बरोबरीचे कोणी मिळत नाही. मग तो एकतर गप्प होतो, नाहीतर खोड्या काढतो.

तिसरे काम घरातले होते. संध्याकाळी शाळा सुटली की कार्लला जवसाच्या धाग्याचे सूत कातावे लागे. तेवढाच घराला हातभार. शाळेने वडिलांना बोलावून समजावले. उच्च शिक्षणाचा खर्च कोण करणार, असे वडिलांनी विचारले. कोणीतरी मोठा आश्रयदाता मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले. तेव्हा तसा कोणी नजरेत होता असे नाही. पण सूत कातणे सुटले आणि संध्याकाळ अभ्यासाला मिळाली. हुशार मुलासाठी काही करायचे तर बहुतेक वेळा आधी त्याचा वेळ मोकळा करावा लागतो. आपल्या शाळेतही सकाळी पेपर टाकून, दुपारी दुकानात बसून येणारी मुले होती. तुम्ही त्यांना ओळखता. कदाचित तुम्हीच ती आहात.

1788 साली कार्ल गावातल्या जिम्नेशियममध्ये, म्हणजे वरच्या शाळेत गेला. तिथे तो इतर मुलांच्या पुढे सरळ वरच्या वर्गात बसला आणि लॅटिनमध्येही चमकला. तीन वर्षांनी, 1791 मध्ये, ब्राउनश्वाइगचे ड्यूक कार्ल विल्हेल्म फर्डिनांड यांच्यापुढे त्याला नेण्यात आले. ड्यूकनी शिष्यवृत्ती दिली. शाळेने वडिलांना दिलेला शब्द खरा ठरला. 1792 ते 1795 तो ब्राउनश्वाइगच्या कॉलेजियम कॅरोलिनममध्ये शिकला. तिथे प्राध्यापक त्सिमरमान यांचा त्याच्यावर लोभ होता. न्यूटन, ऑयलर, लाग्रांज यांचे ग्रंथ त्याने मुळातून वाचले. पुढे शिकायला तो गटिंगेनला गेला. हे विद्यापीठ ड्यूकच्या राज्याबाहेर होते. राज्याचे स्वतःचे विद्यापीठ असतानाही ड्यूकनी हरकत घेतली नाही आणि पैसेही बंद केले नाहीत. गटिंगेनचे ग्रंथालय मोठे होते आणि गाउस यांना तेच हवे होते.

तिथे गेल्यावर ते भाषाशास्त्राकडे वळतात की गणिताकडे, हे बराच काळ ठरत नव्हते. तो प्रश्न मार्च 1796 च्या अखेरीस सुटला. कंपास आणि पट्टी एवढ्याच साधनांनी सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते, हे एके दिवशी सकाळी त्यांच्या ध्यानात आले. ग्रीकांनी त्रिकोण, चौकोन, पंचकोन, पंधरा बाजूंची आकृती आणि त्यांच्या बाजू दुप्पट करत जाऊन मिळणाऱ्या आकृती काढल्या होत्या. त्यानंतर दोन हजार वर्षे कोणाला त्यांच्यापुढे पाऊल टाकता आले नव्हते. गाउस तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. तेव्हापासून त्यांनी शोधांची एक छोटी रोजनिशी ठेवली आणि गणित हेच आपले काम म्हणून पत्करले.

पुढची वर्षे भराभरा जातात. 1799 मध्ये हेल्मश्टेट विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, बीजगणिताच्या मूलभूत सिद्धांताच्या सिद्धतेसाठी. 1801 मध्ये संख्याशास्त्रावरचा त्यांचा मोठा लॅटिन ग्रंथ आला. तो त्यांनी ड्यूकना अर्पण केला. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी पियात्सी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला सेरेस हा नवा गोल दिसला होता, पण काही आठवड्यांतच तो सूर्याच्या तेजाआड गेला. नेमका कुठे शोधायचा हे कोणाला कळेना. गाउस यांनी थोड्याशा निरीक्षणांवरून त्याची कक्षा काढली आणि वर्षअखेरीस तो त्यांनी सांगितलेल्या जागेजवळच सापडला. त्यांचे नाव युरोपभर झाले. ड्यूक 1806 मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईत जखमी होऊन मरण पावले. दुसऱ्या वर्षी गाउस गटिंगेनच्या वेधशाळेचे संचालक झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

इथपर्यंत ही एका हुशार मुलाची आणि त्याला हात देणाऱ्यांची कहाणी आहे. पण तो मुलगा आता स्वतः गुरुजींच्या जागी आला होता. ब्यूटनर यांच्यापुढे जसा कार्ल आला, तसे हुशार विद्यार्थी आता गाउस यांच्यापुढे येणार होते. त्यांनी काय केले?

शिकवण्याची त्यांना आवड नव्हती. तयारी नसलेल्या विद्यार्थ्यांवर वेळ घालवणे त्यांच्या जिवावर येई, आणि ते मित्रांना तसे पत्रांतून कळवीत. कोणी तयारीचा माणूस भेटला की मात्र ते खुलत. 1804 मध्ये पॅरिसहून ल ब्लाँ नावाच्या कोणा गृहस्थाची पत्रे येऊ लागली. त्यांच्या ग्रंथातल्या अवघड भागावर त्यात नेमके काम केलेले असे. 1807 मध्ये कळले, की हे गृहस्थ म्हणजे सोफी जर्मेन नावाची तरुणी आहे. स्त्रीने गणित करणे हास्यास्पद ठरेल या भीतीने तिने पुरुषाचे नाव घेतले होते. गाउस यांनी तिला लिहिलेल्या उत्तरात नुसते कौतुक नव्हते. स्त्रीच्या वाटेत किती जास्त अडथळे असतात याची जाण होती आणि सोबत नवे प्रमेयही होते. हुशार विद्यार्थ्याला दिलेली दाद अशी असावी. मात्र हा पत्रव्यवहार फार वर्षे चालला नाही. गाउस यांच्याकडून उत्तरे येणे थांबले.

त्यांच्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक हंगेरीतल्या एका मुलाच्या बाबतीत झाली. फार्कश बोल्याई हे गाउस यांचे गटिंगेनमधले जिवलग मित्र. त्यांचा मुलगा यानोश गणितात विलक्षण होता. 1816 मध्ये, तो तेरा वर्षांचा असताना, वडिलांनी गाउस यांना पत्र लिहून विचारले, की याला तुमच्या घरी ठेवून घ्याल का? त्या पत्राचे उत्तर आले नाही. मुलगा लष्करी इंजिनियर झाला. त्याने एकट्यानेच एक नवी भूमिती रचली. एका बिंदूतून दिलेल्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते, हे युक्लिडचे गृहीतक बाजूला ठेवूनही सुसंगत भूमिती उभी राहते, हे त्याने दाखवले. वडिलांच्या पुस्तकाला जोडलेली ती पंचवीसएक पानांची पुरवणी 1832 मध्ये गाउस यांच्या हाती पडली.

गाउस यांनी एका शिष्याला पत्र लिहून हा तरुण पहिल्या प्रतीचा प्रतिभावंत असल्याचे कळवले. त्या मुलाच्या वडिलांना मात्र असे लिहिले, की याची स्तुती करणे म्हणजे स्वतःचीच स्तुती करण्यासारखे होईल, कारण हे सारे मला तीसपस्तीस वर्षांपासून ठाऊक आहे. ते खोटे नव्हते. त्यांनी ते खरोखरच शोधले होते आणि वादाच्या भीतीने छापले नव्हते. पण तीस वर्षांच्या तरुणाने आयुष्य ओतून पाटी टेबलावर ठेवली आणि गुरुजींनी सांगितले, की माझी पाटी आधीच खाली आहे. यानोश खचला. हजारो पाने लिहूनही त्याने पुढे जवळजवळ काही प्रसिद्ध केले नाही.

आता बार्टेल्सकडे वळू. टाक तासणारा तो तरुण पुढे प्राध्यापक झाला आणि 1808 मध्ये रशियातल्या कझान विद्यापीठात गेला. तिथे त्याच्या वर्गात निकोलाय लोबाचेव्हस्की नावाचा हुशार आणि खोडकर मुलगा होता. वर्तनावरून त्याला विद्यापीठातून काढून टाकण्यापर्यंत वेळ आली, तेव्हा बार्टेल्सने त्याची बाजू घेतली. घरी बसवून त्याला मोठमोठे ग्रंथ शिकवले. त्यांत गाउस यांचा संख्याशास्त्राचा ग्रंथही होता. ब्राउनश्वाइगच्या शाळेत दोघांनी मिळून जे केले, तेच बार्टेल्सने कझानमध्ये केले. याच लोबाचेव्हस्कीने 1829 मध्ये नवी भूमिती जगात सर्वांत आधी छापली. यानोश बोल्याईने स्वतंत्रपणे शोधली तीच. एका मुलाला उत्तर मिळाले नाही, दुसऱ्याला घरी बोलावून शिकवणारा शिक्षक मिळाला. दोघांच्या बुद्धीत मला फरक दिसत नाही.

गाउस यांनी साठी ओलांडल्यावर रशियन भाषा शिकून लोबाचेव्हस्कीचे लेख मुळातून वाचले आणि 1842 मध्ये त्याला गटिंगेनच्या विज्ञान संस्थेचे सभासद करून घेतले. आधी ढळलेला तोल थोडा सावरला, असे मी समजतो.

तो पुरता सावरला 1854 मध्ये. बर्नहार्ट रीमान हा लाजाळू, प्रकृतीने नाजूक असा तरुण गटिंगेनमध्ये अध्यापनाची पात्रता मिळवत होता. त्यासाठी प्राध्यापकांपुढे एक व्याख्यान द्यावे लागे. उमेदवाराने तीन विषय सुचवायचे. रिवाज असा, की पहिला विषय निवडला जाई. रीमानने पहिल्या दोन विषयांची तयारी केली होती. गाउस यांनी तिसरा निवडला. तो होता भूमितीच्या पायाभूत कल्पनांचा. त्यांनी स्वतः जन्मभर ज्यावर विचार केला, तोच प्रश्न त्यांनी या मुलापुढे ठेवला. रीमान हादरला, काही आठवडे आजारासारखा झाला, पण कामाला लागला. 10 जून 1854 रोजी त्याने व्याख्यान दिले. सत्त्याहत्तर वर्षांचे गाउस ऐकत होते. हा तरुण आपल्याही पुढे गेला, हे त्यांना कळले. घरी परतताना ते सहकारी वेबर यांच्याशी कधी नव्हे इतक्या उत्साहाने त्या व्याख्यानाबद्दल बोलत होते. आइन्स्टाइन यांनी 1915 मध्ये गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, तो रीमानच्याच भूमितीवर उभा आहे. या वेळी गाउस यांना माझी पाटी खाली आहे असे म्हणावे लागले नाही. आठ महिन्यांनी, 23 फेब्रुवारी 1855 रोजी, ते वारले.

या चरित्रातून मला शिक्षक म्हणून जे मिळाले ते थोडक्यात लिहितो, कारण तुमच्यापैकी बरेच जण आज शिक्षक आहेत आणि बाकीचे आईबाप आहेत. ज्याचे गणित आधी सुटते त्याला तसलीच आणखी गणिते देऊ नयेत. त्याच गणिताचे पुढचे दार दाखवावे. 1 ते 100 झाले का? मग फक्त विषम संख्या घे, 1 पासून 99 पर्यंत. उत्तर 2500 येईल. आता 2500 हा कोणाचा वर्ग आहे ते बघ आणि असे का होते ते मला सांग. एवढ्याने तो मुलगा दोन दिवस कामाला लागतो, आणि शिक्षकाला नवे काही तयार करावे लागत नाही. त्याला एखादे वरचे पुस्तक द्यावे. वरच्या वर्गातला एक सोबती गाठून द्यावा. घरी जाऊन त्याच्यासाठी एक तास मागून घ्यावा. आपले संपले की तसे कबूल करून त्याला पुढच्या माणसाकडे पोचवावे. आणि त्याने आणलेली पाटी, ती आपल्याला आधीपासून माहीत असली तरी, दोन्ही हातांनी घ्यावी.

माझ्या वर्गातही आधी वही ठेवणारे काही होते. एक मुलगी आठवते. ती उदाहरण सोडवून झाल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर काहीतरी आकृत्या काढत बसे. एकदा मी ती वही ओढून घेतली आणि रेघोट्या मारू नकोस म्हणून रागावलो. त्या आकृत्या कसल्या होत्या, हे मी पाहिले नाही.

मेळाव्याला ती येणार असेल, तर पहिल्या रांगेत बसावे. मला त्या शेवटच्या पानाबद्दल विचारायचे आहे.